टर्बोची एक बाजू जमिनीकडे

मनोर सोडलं, विक्रमगड मागे पडलं आणि जव्हारचा चढ लागला, की माणसांनी आणि गोण्यांनी भरलेली बोलेरो दुसऱ्या गिअरमध्ये येते. बॉनेटखालून एक बारीक शीळ चढत जाते. ड्रायव्हरच्या कानाला ती इतकी सरावाची असते, की थांबली तरच त्याचं लक्ष जातं. ही शीळ टर्बोची. आत लहान पोराच्या मुठीत मावेल एवढं एक चाक फिरत असतं. टर्बोवर पुरता जोर आला, की असलं चाक मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जाऊ शकतं. गणित करून पाहा. चार सेंटिमीटर व्यास आणि मिनिटाला दोन लाख फेरे, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४२० मीटर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गाडी ताशी पंचवीसने रखडत असते आणि तिच्या पोटातल्या एका चाकाची कडा आवाजाला मागे टाकून धावत असते.

मला मात्र त्याहून जास्त नवल वाटतं ते न फिरणाऱ्या भागाचं. या चाकांभोवती जी ओतीव कवचं असतात, ज्यांना गॅरेजात सरसकट ‘हाऊसिंग’ म्हणतात, त्यांचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं? जुन्या बिनटर्बोच्या जीपला हौसेने टर्बो बसवायचा असो, नाहीतर खर्च वाचवण्यासाठी टर्बोचं फक्त मधलं कार्ट्रिज बदलायचं असो, मिस्त्रीला हा प्रश्न सोडवावाच लागतो. उत्तराचा अर्धा भाग भूमितीत आहे आणि अर्धा गुरुत्वाकर्षणात.

आधी टर्बो डोळ्यांसमोर आणू. पेन्सिलएवढ्या जाडीचा एक दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. एका चाकावर इंजिनातून निघालेला तापलेला धूर आदळतो. ही बाजू बिडाची, कारण डिझेल इंजिन ओझ्याखाली असताना इथे सातशे अंश सेल्सियसच्या वर तापमान जातं आणि पेट्रोलमध्ये ते हजाराच्या आसपास पोचतं. दुसरं चाक बाहेरची हवा ओढतं, दाबतं आणि इंजिनात कोंबतं. ती बाजू ॲल्युमिनियमची. दोन्हींच्या मधे दांड्याला धरून ठेवणारा गाभा, तेच कार्ट्रिज. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनाला जास्त हवा मिळते, हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, आणि धूर पुन्हा वाढतो. २०१६ साली बोलेरो पॉवर प्लसमध्ये तीन सिलिंडरचं १४९३ सीसीचं इंजिन आलं आणि त्याने ७० अश्वशक्ती दिली. त्याआधीचं २५२३ सीसीचं इंजिन ६३ च्या आसपास देत होतं. टर्बो दोघांतही होता, त्यामुळे सगळं श्रेय त्याला देता येणार नाही. पण एवढ्याशा इंजिनाने भरलेली गाडी घाटावर चढवावी, हे टर्बोशिवाय जमलं नसतं.

कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. पण त्या उष्णतेत आणि त्या वेगात टिकणारा धातू आणि बेअरिंग मिळेपर्यंत वीस वर्षं गेली. विसाच्या दशकाच्या मध्याला ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांवर टर्बो चढला, तेव्हा त्यांची ताकद १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. मधल्या काळात अमेरिकेत सॅनफर्ड मॉस हा इंजिनिअर १९१८ साली विमानाचं ‘लिबर्टी’ इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या शिखरावर घेऊन गेला. उंची सुमारे ४३०० मीटर. खाली सखल भागात ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन माथ्यावरच्या विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो जोडला आणि ते ३५६ वर गेलं. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, तिथे हवेचा दाब जेमतेम पाच टक्क्यांनी उतरतो. तेव्हा आपल्या घाटात टर्बो लागतो तो ओझ्यासाठी, विरळ हवेचं निमित्त इथे चालणार नाही.

आता कवचाच्या दिशेकडे वळू. दोन्ही कवचं आतून वळत जाणारी असतात. बिडाच्या कवचात एका तोंडाने धूर शिरतो आणि गोल फिरत मधल्या चाकाकडे जातो. ॲल्युमिनियमच्या कवचात उलट: चाकाने फेकलेली हवा चहूबाजूंनी गोळा होते आणि एका तोंडाने बाहेर पडते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, की ज्या बाजूला तोंड आहे त्या बाजूने चाकावर जोर जास्त येत असणार. मग कवच फिरवलं तर सगळा तोल बिघडणार.

तसं होत नाही. का होत नाही, हे तारपा नाच पाहिलेल्या माणसाला चटकन उमगेल. मधे तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती एकमेकांना धरून वेटोळं घेत फिरणारी माणसांची साखळी. या साखळीचं शेपूट कधी घरांच्या बाजूला असतं, कधी शेताच्या. तारपेवाल्याला त्याचं काही नाही. त्याने कुठेही मान वळवली तरी सभोवार माणसं सारखीच.

कवचातली वाट नेमकी हेच साधते, आणि ते साधण्यासाठी ती एका काटेकोर नियमाने अरुंद होत जाते. धूर पाव वळसा घेईपर्यंत त्यातला पाव हिस्सा आत चाकाकडे सटकलेला असतो, म्हणून उरलेल्या पाऊण हिश्श्यापुरतीच जागा पुढे ठेवलेली असते. अर्ध्या वळशावर अर्धी. वाटेच्या छेदाचं क्षेत्रफळ आणि त्याचं केंद्रापासूनचं अंतर यांचं गुणोत्तर वळशाबरोबर एकसारखं उतरत जातं. फिरत्या वायूचा वेग केंद्राजवळ जाताना वाढतो, तेही या हिशेबात धरलेलं असतं. परिणाम असा, की चाकाला तीनशेसाठ अंशांतून जवळजवळ सारखाच रेटा मिळतो. ‘जवळजवळ’ म्हणायचं कारण, वाट जिथे संपते तिथल्या जिभेपाशी प्रवाह थोडा विस्कटतो. पण ती जीभ कवचाबरोबरच फिरते. म्हणून हवेच्या कवचाचं तोंड वर करा, खाली करा, रेडिएटरकडे करा, दाब तोच मिळतो. फिरणारी वस्तू आणि तिच्याभोवतीचं कवच यांचा अक्ष एकच असेल तर त्या अक्षाभोवती कुठलीही दिशा मोठी नाही की धाकटी नाही. म्हणूनच बहुतेक टर्बोंमध्ये कवच आणि गाभा यांचा सांधा गोल असतो. बोल्ट आणि पट्ट्या, व्ही-बँड क्लॅम्प किंवा मोठी सर्क्लिप सैल केली, की कवच जागच्या जागी फिरतं.

मग अडतं कुठे? मधल्या गाभ्यात.

एवढ्या वेगात फिरणाऱ्या दांड्याला बहुतेक टर्बोंमध्ये छर्रे असलेलं बेअरिंग नसतं. पितळेसारख्या मिश्रधातूच्या साध्या कड्या असतात, आणि दांडा व कडी यांच्यामध्ये काही शतांश मिलिमीटर जाडीचा तेलाचा थर. दांडा धातूला टेकतच नाही, तेलावर तरंगतो. हे तेल इंजिनाच्या पंपाकडून दाबाने वरून येतं. खरी गोष्ट पुढे आहे. बेअरिंगमधून घुसळून निघालेलं तेल फेस होऊन खालच्या भोकातून बाहेर पडतं, तोपर्यंत त्याचा सगळा दाब संपलेला असतो. तिथून इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या चेंबरपर्यंतची वाट त्याला केवळ स्वतःच्या वजनावर काटायची असते. वरची तेलाची नळी पेन्सिलएवढी बारीक आणि खालची अंगठ्याहून जाड, असा उलटा प्रकार दिसतो तो यामुळेच. दाबाखालच्या तेलाला बारीक वाट पुरते. दाब संपलेल्या फेसाला मोठी लागते.

खालचं भोक खाली नसेल तर तेल गाभ्यात तुंबतं. दांड्याच्या दोन्ही टोकांना जी रिंग असते, ती पिस्टनच्या रिंगसारखी, धूर आणि हवा अडवण्यापुरती. तुंबलेलं तेल अडवणं तिचं कामच नाही. मग तेल धुराच्या बाजूला झिरपतं, सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो आणि निदान होतं, ‘टर्बो ऑइल मारतोय, गेला.’ टर्बो कदाचित ठणठणीत असतो. तो फक्त वाकडा बसवलेला असतो. नवा टर्बो आणूनही तोच निळा धूर निघतो तेव्हा संशय कोनावर घ्यायला हवा, पण घेतला जातो बहुधा टर्बो विकणाऱ्यावर.

तर तीन तुकड्यांच्या या यंत्रात दोन तुकड्यांना दिशेचं काही नाही आणि मधल्याला एकच दिशा ठाऊक आहे, खाली. किती खाली, तर टर्बो बनवणाऱ्यांचे आकडे थोडे वेगवेगळे असतात. काही जण उभ्या रेषेपासून पंधरा-वीस अंशांची मुभा देतात, काही पस्तीसपर्यंत जातात. जमवाजमवीचा क्रम यावरूनच ठरतो. बिडाचं कवच आधी मॅनिफोल्डला आवळून घ्यायचं. त्याला पर्याय नसतो, कारण त्याची चौकोनी किंवा तिकोनी पाटी मॅनिफोल्डच्या बोल्टांना बांधलेली असते. मग गाभा त्यात फिरवून तेलाचं खालचं भोक खरोखर खाली आणायचं. ते ठरल्यावर ॲल्युमिनियमचं कवच फिरवून हवेचं तोंड जिथे पाइप न्यायचा तिकडे करायचं. पाइप सोयीचा दिसतो म्हणून आधी हवेचं कवच पक्कं करणारा माणूस शेवटी तेलाच्या भोकाशी तडजोड करतो.

इथे जव्हारचा चढ पुन्हा येतो, आणि त्यापुढचं मोखाडाही, कारण ‘खाली’ ही दिशा गॅरेजच्या सपाट फरशीवर जिथे असते तिथे ती घाटात राहत नाही. जमीन कलते, गाडी कलते, पण तेल मात्र पृथ्वीच्या केंद्राकडेच वाहतं. डोंगराळ रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे संकेत साधारण पाच टक्के चढ धरतात आणि नाइलाज असेल तिथे सात-आठ टक्क्यांपर्यंत जातात. सात टक्के म्हणजे चार अंश. मोखाड्याहून त्र्यंबककडे जाताना तोरंगण घाटात एवढा कल धरून चालायला हरकत नाही. मुख्य रस्ता सोडून पाड्याकडे वळणारी कच्ची वाट याच्या दुपटीने उभी असू शकते. आठ-नऊ अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण कंपनीने पंधराची मुभा दिलेली असताना मिस्त्रीने डोळ्याच्या अंदाजाने आधीच दहा अंश खर्च केले असतील, तर चढावर हिशेब हाताबाहेर जातो.

शिवाय हा कल टर्बोला कसा लागतो, ते इंजिन कसं बसवलंय यावर अवलंबून आहे. टर्बोचा दांडा सहसा इंजिनाच्या लांबीला समांतर असतो. लहान मोटारींमध्ये इंजिन आडवं असतं, म्हणजे दांडा गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूंना. अशी गाडी चढाला लागली की गाभा स्वतःच्याच अक्षाभोवती फिरतो आणि तेलाचं भोक तेवढ्या अंशांनी ढळतं. जीप आणि बोलेरोत इंजिन उभं, दांडा पुढून मागे. तिथे चढावर भोक डावं-उजवं ढळत नाही. दांड्याचं एक टोक मात्र वर जातं, एक खाली, आणि खालच्या टोकाच्या रिंगेपाशी तेल जमायला बघतं. त्याच जीपचं एका बाजूचं चाक चरात उतरलं, की मग भोक ढळतं. एकच घाट, दोन गाड्या आणि दोन वेगळी दुखणी. टर्बो बसवताना गाडी पुढे कुठे चालणार आहे, हे मिस्त्रीने विचारायला हवं. विचारत कुणी नाही.

आणखी एक गंमत पाण्याची. अनेक डिझेल टर्बो फक्त तेलावर चालतात, पण काहींच्या गाभ्यात, विशेषतः पेट्रोलच्या टर्बोंत, रेडिएटरचं पाणीही खेळवलेलं असतं. वाटेल, की ते गाडी चालू असताना उपयोगी पडत असेल. त्याची खरी गरज इंजिन बंद केल्यावर लागते. घाट चढून जव्हारच्या नाक्यावर गाडी थांबवली आणि लगेच चावी फिरवली, तर तेलाचा पंप थांबतो, चाक मंदावत थांबतं, पण लाल झालेल्या बिडातली उष्णता गाभ्याकडे सरकतच राहते. अडकलेलं थोडं तेल जळून त्याचा कोळसा होतो. चावी फिरवण्याआधी इंजिन एखाद मिनिट नुसतं चालू ठेवावं, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते यासाठी. पाण्याच्या टर्बोत मात्र पंप बंद असतानाही पाणी आपोआप फिरू शकतं. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, त्याच्या जागी थंड पाणी खालून येतं. अट एकच. पाणी बाहेर पडण्याचं भोक आत येण्याच्या भोकापेक्षा वर हवं. दोन्ही भोकं गाभ्याच्या दोन बाजूंना समोरासमोर असल्यामुळे, गाभा सरळ बसवला तर ती एकाच पातळीत येतात आणि पाणी गोंधळून जागीच राहतं. म्हणून गॅरेटसारखी टर्बो बनवणारी कंपनी गाभा मुद्दाम सुमारे वीस अंश कलता ठेवायला सांगते.

पाहा कसा पेच आहे तो. तेलाला गाभा सरळ हवा, पाण्याला वाकडा. वीस अंशांवर दोघांचं जमतं, कारण तिथे पाण्याची चढण पुरेशी होते आणि तेलाची मुभा पस्तीसची असेल तर अजून थोडी उरते. त्या उरलेल्या पंधरा अंशांत घाटाचा कल बसवायचा. एखादा अवघड खटला समेटाने मिटावा तसा हा आकडा मला वाटतो.

कवच फिरवताना अडचणी येतात त्या अशा. हवेच्या कवचाच्या पाठीला जी पत्र्याची पकड असते, तिच्यावर ॲक्च्युएटर बसवलेला असतो, आणि त्याची काडी पलीकडे बिडाच्या बाजूच्या वेस्टगेटची झडप उघडते. दाब हद्दीबाहेर जायला लागला की ती झडप थोडा धूर चाकाला वळसा घालून सोडून देते. आता एक कवच फिरलं आणि दुसरं नाही, तर काडीची दोन टोकं एकमेकांपासून दुरावतात किंवा तिरकी होतात. तिरकी काडी अडकते. झडप उघडली नाही तर दाब चढत जातो आणि इंजिनाचा गॅस्केट जातो. नीट मिटली नाही तर गाडीला पिकअपच येत नाही. त्यामुळे कवच तीस-चाळीस अंश फिरवायचं असेल तर ॲक्च्युएटरची पकड नव्याने बनवावी लागते. काही टर्बोंत कवच आणि गाभा यांच्यामध्ये एक छोटी पिन ठोकलेली असते, ठरलेल्या कोनाबाहेर कुणी जाऊ नये म्हणून. ती काढायच्या आधी ती का दिली आहे, हे समजून घेतलेलं बरं.

बिडाचं कवच तर जागचं हलायलाच तयार नसतं. वर्षानुवर्षांची उष्णता आणि इकडचा पावसाळा मिळून गंजाने त्याला गाभ्याशी असं चिकटवतात, की गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवावं लागतं. नंतर कडेकडेने मऊ हातोड्याने ठोकायचं. एका बाजूने उचकटलं की चाकाची पाती कवचाच्या आतल्या भिंतीला घासतात, आणि पातं व भिंत यांच्यातलं अंतर जेमतेम केसाएवढं असतं. पात्याला आलेला एक बारीक वाक दोन लाख फेऱ्यांवर काय करेल, ते सांगायला नको. काम झाल्यावर चाक बोटाने फिरवून पाहायचं. कुठेही घासल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडायचं. इंजिन चालू करण्यापूर्वी गाभ्यात तेल सोडायचं, कारण पहिल्या काही सेकंदांत कोरडा दांडा फिरला तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात.

कवचाला दिशेचं वावडं नसलं तरी पाइपाला आहे. कवच कुठेही वळवता येतं म्हणून हवेच्या तोंडापुढे लगेच काटकोनी वळण दिलं, तर मिळालेला दाब त्या वळणातच थोडा गळतो. आत येणाऱ्या बाजूला तर चाकाच्या अगदी तोंडाशी वळण नको, हवा वाकडीतिकडी शिरते. कायद्याचाही विचार करावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. बिनटर्बोच्या जीपला टर्बो चढवणं त्यात सहज येऊ शकतं. कार्ट्रिज बदलताना मूळ कोन पुन्हा साधणं यात मात्र काही वावगं नाही.

नव्या गाड्यांत हा फिरवाफिरवीचा खेळ कमी होत चालला आहे. धुराच्या बाजूला हलत्या पात्यांची कडी आणि तिला चालवणारी इलेक्ट्रॉनिक मोटर असते, आणि त्यांच्या खुणा कारखान्यात जुळवून दिलेल्या असतात. तिथे कवच हलवणं म्हणजे ती जुळणी मोडणं. पण जे काम मिस्त्री पान्ह्याने करायचा, तेच आता कंपनीचे लोक आरेखनात करतात. एकच गाभा दोन-तीन वेगळ्या गाड्यांत जातो, फक्त कवचांचे कोन बदललेले असतात, आणि तेवढ्यासाठी पार्ट नंबर वेगळा असतो. दुकानात डब्यावरचा टर्बो हुबेहूब दिसतो, चाक तेच, दांडा तोच, आणि गाडीवर चढवायला गेलं तर तेलाचं भोक बाजूला निघतं.

इगतपुरीत महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे, बोलेरो नाशिकला जुळते. या गाड्यांना मोखाड्याचे घाट परके नाहीत. त्यांचे टर्बो उघडणारे जाणते मिस्त्री बोल्टला हात लावण्याआधी एक काम करतात. खिळ्याच्या टोकाने दोन्ही सांध्यांवर आडवा एकेक ओरखडा काढतात, असा की बिडाचं कवच, गाभा आणि ॲल्युमिनियमचं कवच या तिघांवर खूण उमटेल. कार्ट्रिज नवं असेल तर जुन्यावरची खूण त्याच जागी नव्यावर उतरवून घेतात, आणि मगच पान्हा उचलतात.